विश्लेषण : पायातील गुठळी विरघळवण्याची वाट कोणी शोधली? कोण होते चार्ल्स डॉटर?

पाय अचानक थंडगार पडतो, पांढराफटक होतो आणि असह्य दुखू लागतो. मांडीतून खाली रक्त नेणारी धमनी गुठळीने बंद झालेली असते. साधारण सहा तासांत रक्तपुरवठा पूर्ववत झाला नाही, तर स्नायू आणि चेतातंतू मरू लागतात आणि पाय कापण्याची वेळ येऊ शकते. अशा काही रुग्णांत आज बारीक नळी थेट गुठळीपर्यंत नेऊन तेथे गुठळी विरघळवणारे औषध सोडले जाते. काही वेळा तर शस्त्रक्रिया सुरू असतानाच सर्जन हे औषध धमनीत सोडतात. असे औषध असू शकते हे १९३३ पासून ठाऊक होते. ते कोठे सोडायचे आणि किती थोडे पुरते, हे मात्र चार दशकांनी एका क्ष-किरणतज्ज्ञाने दाखवले. त्यांचे नाव चार्ल्स डॉटर. हयातीत त्यांना मायदेशातील अनेक सर्जननी विक्षिप्त ठरवले होते.

बालपण आणि शिक्षण…

चार्ल्स थिओडोर डॉटर यांचा जन्म १४ जून १९२० रोजी अमेरिकेतील बोस्टनमध्ये झाला. बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेले. यंत्रे खोलायची, आत काय आहे ते पाहायचे आणि पुन्हा जोडायची, हा नाद त्यांना लहानपणापासून होता. तो आयुष्यभर सुटला नाही. १९४१ मध्ये ड्यूक विद्यापीठातून पदवी आणि १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते क्ष-किरणशास्त्राकडे वळले. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये परिचारिका असलेल्या पामेला बॅटी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांना पोर्टलंड येथील ओरेगॉन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्ष-किरण विभागाचे प्रमुखपद मिळाले. पुढची ३३ वर्षे, मृत्यूपर्यंत, ते याच पदावर राहिले.

त्या काळी क्ष-किरणतज्ज्ञाचे काम काय होते?

छायाचित्र काढणे आणि त्याचा अर्थ सांगणे. धमन्यांमध्ये क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून त्यांचा नकाशा काढण्याचे तंत्र तेव्हा वेगाने पुढे जात होते. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी सोपी पद्धत सांगितली. सुईने धमनीत शिरायचे, सुईतून लवचीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. चिरफाड न करता शरीराच्या खोल भागातील रक्तवाहिनीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्यामुळे खुला झाला. त्या रस्त्याने जाऊन फक्त पाहायचे, दुरुस्ती मात्र सर्जनने चाकूने करायची, अशी कामाची वाटणी होती. डॉटर यांना हीच वाटणी पटत नव्हती. नळी जर अडथळ्यापर्यंत पोहोचतेच, तर तेथे तिने काही कामही करावे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९६३ मध्ये अनवधानाने काय घडले?

एका रुग्णाच्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली होती. तिचे चित्र काढण्यासाठी डॉटर जांघेतून नळी वर नेत होते. वाटेत कमरेतील धमनी पूर्ण बंद होती. नळी त्या अडथळ्यातून आरपार गेली आणि बंद पडलेली वाट मोकळी झाली. हेतू चित्र काढण्याचा होता, पण हातून उपचार घडला.

दुसरा एखादा डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या रुग्णाकडे वळला असता. डॉटर यांनी त्याच वर्षी जूनमध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी येथे भरलेल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिषदेत ही घटना मांडली. उद्या अनेक ठिकाणी चाकूची जागा नळी घेईल, असे भाकीतही केले. श्रोत्यांत प्रागचे एक तरुण डॉक्टर होते, जोसेफ रॉश. चार वर्षांनी ते पोर्टलंडला आले आणि डॉटर यांचे निकटचे सहकारी झाले.

पाय कापायला नकार देणारी ती रुग्ण…

जानेवारी १९६४. ८२ वर्षांची एक वृद्धा पोर्टलंडच्या रुग्णालयात दाखल होती. डाव्या पायाची जखम भरत नव्हती, बोटांना गँगरीन झाले होते आणि वेदना थांबत नव्हत्या. पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांचे मत होते. बाईंनी साफ नकार दिला. तेव्हा सर्जन विल्यम क्रिपेन यांनी डॉटर यांना विचारले.

मांडीच्या धमनीत एकाच ठिकाणी, थोड्याच लांबीचा भाग अरुंद झालेला होता. डॉटर यांना हवी तशीच ही केस होती. १६ जानेवारी रोजी त्यांनी अरुंद भागातून तार पार नेली. तिच्यावरून आधी बारीक आणि मग त्या नळीवरून जाड अशा टेफ्लॉनच्या नळ्या सरकवून धमनी आतून रुंद केली. काही मिनिटांत पाऊल गरम झाले. आठवडाभरात वेदना गेल्या आणि पुढे जखमही भरली. मेलेली काही बोटे आपोआप गळून पडली, पण पाय वाचला. सुमारे तीन वर्षांनी त्यांचे निधन झाले. तोवर त्या स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉटर आणि त्यांचे शिष्य मेल्विन जडकिन्स यांनी ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात नऊ रुग्णांच्या ११ पायांवरील अनुभव प्रसिद्ध केला. आज हृदयरुग्णांच्या तोंडी असलेल्या अँजिओप्लास्टीची सुरुवात अशी पायापासून झाली.

गिटारच्या तारा आणि टेफ्लॉनच्या नळ्या कशासाठी?

या कामासाठी लागणारी साधने बाजारात नव्हती, म्हणून डॉटर ती स्वतः बनवत. गिटारच्या तारा, मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल, विजेच्या तारेवरचे वेष्टण, असे जे हाताला लागेल ते त्यांच्या प्रयोगात उपयोगी पडे. १९६३ मध्ये शिकागोच्या एका वैद्यकीय परिषदेत बिल कुक नावाचा नवखा उत्पादक छोट्या टेबलावर टेफ्लॉनच्या नळ्या तापवून त्यांना आकार देत बसला होता. डॉटर बराच वेळ उभे राहून पाहत राहिले. मग त्यांनी त्याच्याकडून नळी आणि तापवण्याची बत्ती मागून घेतली आणि रात्री हॉटेलच्या खोलीत बसून दहा कॅथेटर तयार केले. दुसऱ्या दिवशी ते कुक यांच्या टेबलावर विक्रीला ठेवले गेले. या ओळखीतून पुढे वैद्यकीय साधनांचा एक मोठा उद्योग उभा राहिला.

सर्जन नाराज का होते?

यामागे दोन कारणे होती. पहिले, अधिकाराचे. रुग्ण सर्जनचा, क्ष-किरणतज्ज्ञाने फक्त चित्र काढून द्यावे, ही रीत होती. डॉटर यांच्याकडे रुग्ण पाठवताना केवळ तपासावे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, अशी तंबी चिठ्ठीवर लिहिल्याचे प्रसंगही घडले. ‘लाइफ’ या नियतकालिकाने १९६४ मध्ये त्यांची काम करतानाची छायाचित्रे छापली. त्यांतील डॉटर यांचे विस्फारलेले डोळे आणि आविर्भाव पाहून वेडा चार्ली हे टोपणनाव त्यांना चिकटले.

दुसरे कारण मात्र वैद्यकीय होते आणि त्यात तथ्य होते. जाड नळी अडथळ्यातून ढकलताना तेथील कचरा आणि गुठळीचे तुकडे सुटून खाली पोटरीच्या बारीक धमन्यांत अडकण्याची भीती असे. अडथळा जुना, कडक आणि छोटा असेल तर नळी काम करी. पण ताजी, लांबलचक गुठळी असेल तर ती नुसती ढकलून चालणार नव्हते. अमेरिकेत या तंत्राकडे बहुतेकांनी पाठ फिरवली. युरोपात मात्र, विशेषतः जर्मनीत एबरहार्ड त्साइटलर यांनी, ते उचलून धरले. तेथे तर डॉटर यांच्या आडनावाचेच क्रियापद झाले.

गुठळी विरघळवणारे औषध आले कोठून?

घसा दुखवणाऱ्या जिवाणूंपासून. १९३३ मध्ये अमेरिकेतील विल्यम टिलेट स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंवर काम करत होते. मानवी रक्तद्रवाची गुठळी या जिवाणूंच्या सान्निध्यात पुन्हा पातळ होते, असे त्यांना आणि त्यांचे सहकारी गार्नर यांना परीक्षानळीत दिसले. जिवाणू सोडत असलेल्या ज्या पदार्थामुळे हे घडते, त्याला पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे नाव मिळाले.

येथे एक गल्लत टाळायला हवी. हेपारिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि असलेली वाढू देत नाहीत, पण झालेली गुठळी ती विरघळवत नाहीत. गुठळीचा सांगाडा फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो. हे धागे तोडणारे प्लाझ्मिन शरीरातच असते, मात्र प्लाझ्मिनोजेन या निद्रिस्त रूपात. स्ट्रेप्टोकायनेज त्याला जागे करते आणि धागे तुटू लागतात.

अडचण अशी, की हे औषध चांगली आणि वाईट गुठळी ओळखत नाही. हाताच्या शिरेतून दिले की ते सगळ्या शरीरात पसरते. पोटातील व्रण, ताजी जखम, मेंदूतील एखादी नाजूक वाहिनी, जेथे शरीराने रक्तस्राव रोखण्यासाठी गुठळी धरून ठेवली आहे तेथेही ते पोहोचते. शिवाय जिवाणूपासून मिळवलेले असल्याने ताप आणि ॲलर्जीचाही धोका. पाय वाचवायला जावे आणि जीवच धोक्यात यावा, अशी ही परिस्थिती होती.

डॉटर यांनी वेगळे काय केले?

त्यांनी औषध बदलले नाही, औषध देण्याची जागा बदलली. गुठळी पायात असेल तर औषध सगळ्या शरीराला कशाला, असा त्यांचा साधा विचार होता. नळीचे टोक थेट गुठळीत किंवा तिला लागून ठेवायचे आणि तेथे औषध थेंबथेंब सोडायचे. डॉटर, रॉश आणि सीमन यांनी १९७४ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात हा अनुभव प्रसिद्ध केला. शिरेतून देताना ताशी सुमारे एक लाख युनिट औषध लागे. नळीतून ताशी सुमारे पाच हजार युनिटवर, म्हणजे विसाव्या हिश्शावर, काम होऊ शकत होते.

याचा दुसरा फायदा तितकाच मोलाचा होता. ताजी गुठळी बहुधा धमनीतील जुन्या अरुंद जागी धरते. गुठळी विरघळली की मूळ अरुंद जागा चित्रात स्पष्ट दिसते आणि मग तेवढीच रुंद करता येते. म्हणजे लांबलचक अडथळ्याचे रूपांतर छोट्या अडथळ्यात होते. दहा वर्षांपूर्वीच्या तंत्राचे जे दुखणे होते, त्यावर हा उतारा होता.

धोका यामुळे शून्यावर आला नाही. कमी मात्रेतही तासन् तास दिलेले औषध काही प्रमाणात रक्तात मिसळतेच आणि नळी शिरते त्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. पण ज्या रुग्णांपुढे पूर्वी पाय किंवा जीव एवढेच पर्याय असत, त्यांच्यातील काहींसाठी तिसरी वाट उघडली.

अखेरची वर्षे…

१९७४ मध्येच झुरिचमध्ये अँड्रियास ग्रुन्झिग यांनी त्साइटलर यांच्याकडून ऐकलेल्या डॉटर यांच्या तंत्रात जाड नळीऐवजी फुगा वापरून पायाची धमनी रुंद केली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी हाच फुगा हृदयाच्या धमनीत नेला आणि जगाचे लक्ष हृदयाकडे वळले. ज्या अमेरिकेने डॉटर यांच्याकडे पाठ फिरवली होती, तिने ते तंत्र युरोपातून परत आणले. धमनी उघडी ठेवणाऱ्या तारेच्या स्प्रिंगचे कुत्र्यांवरील प्रयोगही डॉटर यांनी १९६९ मध्येच प्रसिद्ध केले होते. आजच्या स्टेंटचे मूळ त्यात शोधता येते. १९७८ मध्ये नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पारितोषिक मिळाले नाही.

गिर्यारोहण, विमान उडवणे, पक्षिनिरीक्षण, ऑपेरा, असे त्यांचे छंद अनेक होते. हॉजकिन्स लिम्फोमा या कर्करोगाने त्यांना गाठले, तरी उपचारांनंतर त्यांनी आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखर सर केले. अमेरिकेतील १४ हजार फुटांहून उंच अशी ६७ शिखरे त्यांनी पायाखाली घातली. पुढे हृदयावरही शस्त्रक्रिया करावी लागली. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी, वयाच्या ६४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९९० मध्ये पोर्टलंडला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक होते जोसेफ रॉश.

शस्त्रक्रिया सुरू असताना हे औषध कशासाठी?

पायातील गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया थॉमस फोगार्टी यांनी सोपी केली. टोकाला छोटा फुगा असलेली नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि ओढत गुठळी बाहेर काढायची. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले हे तंत्र जगभर रुळले. फोगार्टी यांचे सर्जन म्हणून प्रशिक्षण त्याच काळात डॉटर यांच्याच पोर्टलंडमध्ये झाले, हा विशेष योग.

फुगा मोठ्या धमनीतील गुठळी ओढून आणतो, पण गुडघ्याखालच्या आणि पावलाच्या बारीक फांद्यांत पोहोचत नाही. गुठळी काढल्यावर चित्र घेतले तर तेथे अवशेष दिसू शकतात. पुढची वाट अशी तुंबलेली राहिली, तर वर साफ केलेली धमनी पुन्हा गोठू शकते. १९८०च्या दशकात सर्जननी येथे डॉटर यांचाच विचार वापरला. वरचा प्रवाह चिमट्याने थोडा वेळ रोखायचा, उघड्या धमनीतून खालच्या बाजूला थोडे औषध सोडायचे, साधारण अर्धा तास थांबायचे आणि पुन्हा चित्र घ्यायचे. प्रवाह रोखलेला असल्याने औषध बराच काळ पायातच राहते. ज्या सर्जननी एकेकाळी डॉटर यांना फक्त पाहा म्हणून सांगितले, त्यांच्याच टेबलावर त्यांची नळी आणि त्यांची मात्रा आली.

औषध की चाकू? चाचण्या काय सांगतात?

१९९०च्या दशकात दोन्ही उपचारांची समोरासमोर तुलना झाली. तोवर स्ट्रेप्टोकायनेजची जागा युरोकायनेज आणि टीपीए या औषधांनी घेतली होती. १९९४च्या ‘स्टाइल’ चाचणीत वेळ कळीची ठरली. त्रास सुरू होऊन १४ दिवसांच्या आत आलेल्यांना औषधाचा फायदा दिसला, त्याहून जुन्या अडथळ्यात शस्त्रक्रिया सरस ठरली. १९९८च्या ‘टोपास’ चाचणीत सहा महिन्यांनी पाय शाबूत ठेवून जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. मात्र मोठा रक्तस्राव औषधाच्या गटात १२.५ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ५.५ टक्के रुग्णांत झाला. म्हणजे औषधाने अनेकांची मोठी शस्त्रक्रिया टळते, पण त्याची किंमत रक्तस्रावाच्या रूपात मोजावी लागू शकते.

त्यामुळे निवड रुग्णागणिक होते. पायाची संवेदना किंवा हालचाल जाऊ लागली असेल तर नळीतून तासन् तास औषध देण्याइतका वेळ नसतो, तातडीने प्रवाह सुरू करावा लागतो. नुकताच पक्षाघात झालेल्या, मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेल्या, पोटात रक्तस्राव होत असलेल्या किंवा अलीकडेच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हे औषध सहसा टाळतात. आता अनेक मोठ्या रुग्णालयांत क्ष-किरण यंत्रणा असलेले शस्त्रक्रियागृह असते. तेथे चाकू, फुगा, नळी आणि औषध एकाच टेबलावर वापरता येतात.

हे सगळे उपयोगी पडते ते रुग्ण वेळेत पोहोचला तरच. अचानक एकच पाय दुखणे, थंड पडणे, पांढरा होणे, बधिर होणे किंवा हलेनासा होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असणारे, मधुमेही, तंबाखू किंवा धूम्रपान करणारे आणि चालताना पोटरीत गोळे येणारे यांनी तर अधिक सावध राहायला हवे. अशा वेळी पाय शेकणे, चोळणे किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे म्हणजे हातातले तास घालवणे. डॉटर यांच्या त्या ८२ वर्षांच्या रुग्णाला वेदना सोसत उपचाराची वाट पाहता आली, कारण तिची धमनी हळूहळू अरुंद झाली होती. गुठळीने एकाएकी बंद झालेल्या धमनीच्या रुग्णाला तेवढी उसंत नसते.